पाठ फिरवण्याची विद्या

मराठी भाषेत लाथेला फारसा मान नाही. हात दात्याचा, कारागिराचा, आशीर्वाद देणाऱ्याचा. पायाने मात्र आपल्या पायरीने राहावे, असा आपला दंडक. ज्याच्या पोटावर लाथ पडते त्याची भाकरी जाते. चालून आलेली संधी लाथाडणारा करंटा ठरतो. एका घरातली माणसे आपसांत भांडू लागली की त्याला आपण लाथाळी म्हणतो. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या, त्याही दुधासाठी. ‘लाथ मारीन तेथे पाणी काढीन’ ही एकच म्हण काय ती लाथेची बाजू घेते, आणि तीही बहुधा तरुणांच्या बढाईसाठी राखून ठेवलेली. पुराणात भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारल्याची कथा आहे. त्या लाथेची खूण देवाने श्रीवत्सलांछन म्हणून मिरवली. पण तेथेही थोरवी गायली जाते ती सोसणाऱ्याची.

अशा भाषेत वाढलेल्या आणि पुढे धर्मगुरूचा झगा अंगावर घेतलेल्या माणसाने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गोल फिरून लाथ मारण्याचे शिक्षण घ्यावे, आणि वर त्याविषयी लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. काहींना ते रुचणारही नाही. त्यांच्या शंकेकडे मी पुढे वळणार आहे. तत्पूर्वी, ही विद्या कोठे आणि कशी माझ्या वाट्याला आली ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी मला एक विचित्र आज्ञा केली. “फादर, बूट काढा आणि एका पायावर उभे राहा.” मी उभा राहिलो. सहाव्या सेकंदाला माझा हात आपोआप टेबलाकडे गेला. डॉक्टर हसले नाहीत. वयाची पन्नाशी ओलांडली की तोल हळूहळू आणि नकळत जाऊ लागतो, आणि तो गेल्याचे बहुतेकांना पडल्यावरच कळते, एवढेच ते म्हणाले. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५१ ते ७५ वयाच्या १७०२ स्त्री-पुरुषांना त्यांनी दहा सेकंद एका पायावर उभे राहावयास सांगितले होते. सुमारे पाचांपैकी एकाला ते जमले नाही. नंतरच्या सुमारे सात वर्षांत या न जमलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. तोल गेला म्हणून माणूस मरतो असा त्याचा अर्थ नाही. मात्र शरीराचे अनेक हिशेब त्या एका पायावर मांडलेले असतात, हे त्यातून दिसते.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे कर्वेनगर आणि वारजे भागात राहतात. कुटुंबभेटींसाठी मी तिकडे जात असे. त्यांतील दोन मुली एका सोसायटीच्या सभागृहात चालणाऱ्या कराटेच्या वर्गाला जात. मोठ्या माणसांसाठीही रात्री साडेआठला एक तुकडी असते, असे त्यांच्याकडून कळले. मी चौकशीला गेलो आणि पुढच्या आठवड्यात पांढरा पट्टा बांधून ओळीच्या शेवटी उभा राहिलो. आमचे शिक्षक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. वर्गात आम्ही त्यांना ‘सेन्सेई’ म्हणतो. ते मला ‘फादर’च म्हणतात, पण सवलत मात्र देत नाहीत.

कर्वेनगराविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. आज उड्डाणपूल, राजाराम पुलाकडे धावणारी वाहने आणि इमारतींची दाटी यांत हे गाव हरवून गेले आहे. वनदेवीच्या टेकडीवर चढले म्हणजे थोडी जुनी मोकळीक दिसते. याचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथील एका झोपडीत आला. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास आटोपून अण्णा संध्याकाळी हिंगण्याची वाट पायी तुडवीत. त्याआधी १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या एका विधवेशी, विवाह केला होता, तेव्हा कोकणातील त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्यांच्याकडे गावांनी आणि घरांनी पाठ फिरवली होती, अशा स्त्रियांना हिंगण्याच्या माळावर पाय रोवायला जागा मिळाली. त्याच परिसरात आज रात्री साडेआठ वाजता पोळ्या करणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या, नातवंडे सांभाळणाऱ्या स्त्रिया पांढऱ्या वेषात पाय उचलतात. इतिहास माहीत असलेल्याला हे दृश्य साधे वाटत नाही.

आता त्या लाथेविषयी. कराटेत तिचे नाव ‘उशिरो मावाशी गेरी’. ‘उशिरो’ म्हणजे मागून, ‘मावाशी’ म्हणजे गोल फिरून, आणि ‘गेरी’ म्हणजे लाथ. मराठी मुलांना हे नाव मिळाल्यावर त्यांनी काय केले असेल, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आमच्या वर्गात तिला ‘मावशीची लाथ’ म्हणतात. आणि ‘उशिरो’चा अर्थ मुलांच्या मते ‘उशिरा येणारी मावशी’ असा आहे. तपकिरी पट्ट्याच्या आधी आमच्याकडे ही लाथ शिकवीत नाहीत.

उंच आणि फिरून मारण्याच्या लाथा कराटेत प्राचीन काळापासून असतील, असा माझा समज होता. तसे नाही. ओकिनावा बेटावरील जुन्या कराटेत लाथा बहुतांशी कमरेखाली मारल्या जात. पोटरी, गुडघा, फार तर जांघ. गिचिन फुनाकोशी हे ओकिनावाचे एक शाळामास्तर. त्यांनी १९२२ मध्ये टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक दाखवले आणि ते तेथेच राहिले. ‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. तो ‘रिकामा हात’ अशा अर्थाने रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा मुलगा योशिताका याने पुढे उंच आणि गोल लाथा या शैलीत रुजवल्या. हा योशिताका लहानपणापासून क्षयाने ग्रासलेला होता आणि १९४५ मध्ये त्याचे निधन झाले. खोकल्याने खंगणाऱ्या एका देहाने आपल्या वडिलांच्या विद्येचा पाय कमरेवरून डोक्यापर्यंत उंचावला. ज्या दिवशी गुडघे कुरकुरतात, त्या दिवशी मला त्याची आठवण होते.

पाहणाऱ्याला ही लाथ म्हणजे एक झगमगती गिरकी वाटते. शिकणाऱ्याला तिचे तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा आळशी माणसाच्या स्वभावाविरुद्ध जातो. डावा पाय पुढे ठेवून आपण उभे आहोत असे समजा. मारायचे आहे ते मागच्या, उजव्या पायाने. पण पहिले काम पुढच्या पायाचे. तो चवड्यावर फिरतो आणि त्याची टाच समोरच्याकडे वळते. हा पाय मारत नाही, कोणी त्याच्याकडे पाहतही नाही. पण सारी लाथ त्याच्यावर उभी असते. तळवा फरशीला चिकटून राहिला आणि कंबर मात्र फिरली, तर ती सगळी पीळ गुडघ्यात उतरते. तेथील कूर्चा आणि अस्थिबंध वळण्यासाठी घडलेले नाहीत. म्हणून आम्हाला पहिले तीन आठवडे लाथ मारूच दिली नाही. फक्त टाच उचलायची, फिरायचे, थांबायचे.

दुसरे काम खांद्यांचे. हात अंगाशी घेतले की शरीर वेगाने फिरते, पसरले की मंदावते. भिंगरीसारखा खेळ हा. तिसरे काम मानेचे, आणि सर्वांत अवघड तेच. शरीर फिरू लागले की क्षणभर आपली पाठ प्रतिस्पर्ध्याकडे होते. त्या क्षणी डोळ्यांना तो दिसत नाही. मान आळसावून शरीराबरोबरच फिरली, तर हा आंधळा क्षण लांबतो, आणि कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव हेलकावू लागल्याने डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून मान शक्य तितका वेळ समोर धरायची आणि मग एका झटक्यात उजव्या खांद्यावरून पुन्हा समोर आणायची. शरीर मागाहून येते. कथकमधल्या चक्रांचे रहस्यही हेच आहे. आमच्या वर्गातील एक मुलगी कथक शिकते. तिला ही मान पहिल्याच दिवशी जमली आणि आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो.

चौथे काम कमरेचे आणि टाचेचे. समोरचा दिसला की गुडघा वर येतो, पाय लक्ष्याच्या किंचित बाजूला सरळ होतो आणि तेथून विळ्यासारखा आडवा फिरतो. लागते ती टाच किंवा तळवा. यामागे बळ असते ते नितंबाच्या स्नायूचे. माणसाच्या शरीरातला तो सर्वांत मोठा स्नायू. पाचवे काम परतीचे. गुडघा मुडपून पाय जेथून निघाला तेथे आणून ठेवायचा. गेलेला पाय परत आणता आला नाही, तर ती लाथ आमचे सेन्सेई मोजत नाहीत.

या पाचव्या कामाचे महत्त्व जगाला एकदा मोठ्या व्यासपीठावर दिसले. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेचा समावेश होता. ७ ऑगस्ट रोजी पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेविरुद्ध ४-१ असा आघाडीवर होता. हमेदीची एक लाथ गंजजादेच्या डोक्याला लागली आणि तो बेशुद्ध पडला. कराटेच्या नियमांप्रमाणे डोक्याकडे मारलेल्या लाथेला तीन गुण असतात, धडावरच्या लाथेला दोन आणि ठोशाला एक. पण आघातावर ताबा राहिला पाहिजे. पंचांनी हमेदीला बाद ठरवले. ज्याला स्ट्रेचरवरून नेले होते त्याला सुवर्ण मिळाले, आणि ज्याची लाथ पोहोचली होती त्याला रौप्य. त्या निर्णयावर वाद झाला आणि अजूनही होतो. मात्र या खेळाने कोणत्या गोष्टीला लाथ म्हणायचे ठरवले आहे, ते त्या एका लढतीत स्पष्ट झाले.

आता मावशींविषयी. त्या आमच्या वर्गातील खऱ्याखुऱ्या मावशी. वय चाळिशीचे, कर्वेनगरातील सहा घरी पोळ्या करतात, आणि नववीतल्या मुलीबरोबर वर्गाला येऊ लागल्या. आधी त्या दाराशी बसून मुलीची वाट पाहत. एके दिवशी सेन्सेई म्हणाले, “मावशी, बसून पाय अवघडतात, त्यापेक्षा उभ्या राहा.” त्या उभ्या राहिल्या त्या ओळीतच. त्यांच्या मनगटांत दिवसाला दोनशे पोळ्यांचे बळ आहे. ठोसे त्यांना लवकर आले, सरळ लाथाही आल्या. पट्टे आम्ही एकत्रच मिळवीत गेलो. उंची सारखी असल्याने सरावाची जोडीही आमची लागे. त्या माझ्याहून बऱ्या होत्या आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

मावशीच्या लाथेशी मात्र मावशी अडल्या. टाच फिरे, खांदे फिरत, आणि अर्ध्या वाटेवर, पाठ समोरच्याकडे होण्याच्या नेमक्या क्षणी, त्या थांबत. नुसत्या थांबत नसत. झटकन उलट फिरून हात चेहऱ्यासमोर धरीत. दोन महिने हेच चालले. मुली हसल्या नाहीत, पण कोणीतरी म्हणाले, “मावशी, चक्कर येते का?” त्या म्हणाल्या, “चक्कर न्हाई येत. पाठ उघडी पडती.”

पंधरा वर्षांच्या संसारात त्या घरात कोणाकडेही पाठ करून उभ्या राहिल्या नव्हत्या. चूलसुद्धा अशा जागी मांडली होती की दार समोर दिसावे. ते का, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. ते येथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. तो माणूस आता त्यांच्या घरात नाही, एवढे सांगणे पुरे. पण घरातून गेलेला माणूस पाठीतून जायला वेळ लागतो.

सेन्सेईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त पाहिले की शरीर कोठे थांबते. आणि त्यांनी लाथ बंद केली. “मावशी, पाय उचलायचाच नाही. फक्त फिरायचं. फादर समोर बोटं धरतील. फिरून आल्याबरोबर किती बोटं ते सांगायचं.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “आणि फादर, तुम्ही एक पाऊलही हलायचं नाही. त्यांची पाठ तुमच्याकडे असताना तर अजिबात नाही.”

तोपर्यंत पॅड धरून उभे राहणे हे मी विश्रांतीचे काम समजत असे. त्या आठवड्यांत त्यातला भार कळला. समोर उभ्या माणसाने आपली पाठ आपल्या स्वाधीन केली आहे, तेव्हा आपण कोठे उभे आहोत, श्वास कसा घेतो, कपड्यांचा आवाज होतो का, हे सारे त्या पाठीला ऐकू येत असते. मी हललो नाही. मावशी फिरत. “तीन.” पुन्हा फिरत. “दोन.” कधी अर्ध्यावर थांबत, तेव्हा मी बोटे तशीच धरून ठेवी. “ऱ्हाऊ द्या फादर, तुमचा हात दुखंल,” असे त्या म्हणत. आणि पुन्हा फिरत. रोज तीस वेळा, आठवड्यातून तीन दिवस, सुमारे पाच आठवडे. पाचव्या आठवड्यात एकदा त्यांनी “चार” म्हटले आणि त्याच दमात उजवा गुडघा वर आला. कोणी सांगितले नव्हते. टाच माझ्या हातातील पॅडच्या कडेला लागून गेली आणि पाय परत मागे येऊन जागेवर बसला. सभागृहात क्षणभर शांतता झाली. मग त्यांची मुलगी ओरडली, “आई, मावशी मारलीस!” त्यावर सगळे इतके हसले की सेन्सेईंना तास थांबवावा लागला.

मराठीत पाठीचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत. पाठ दाखवणारा पळपुटा, पाठ फिरवणारा कृतघ्न. दुसऱ्या बाजूला पाठीशी उभे राहणे, पाठराखण करणे, पाठबळ देणे. हे दोन गट मी आजवर वेगळे समजत आलो होतो. ते एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे मला या वर्गात कळले. पाठीशी कोणी विश्वासाचे असल्याखेरीज माणसाला पाठ फिरवता येत नाही. तो कायम समोर बघत, हात चेहऱ्यापुढे धरून उभा राहतो आणि त्यालाच सावधपणा म्हणू लागतो. प्रत्यक्ष लढतीत समोरचा विश्वासाचा नसतो, हे खरे. म्हणून तर मान आधी फिरवायची. पण ती मान घडते ती मात्र विश्वासाच्या माणसासमोर, शेकडो वेळा फिरून.

आता त्या शंकेकडे वळतो. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, असे प्रवचनात सांगणाऱ्याने हे शिकावे काय? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. गाल पुढे करण्याचा निर्णय ज्याचा गाल त्याने घ्यायचा असतो. तो दुसऱ्यावर, विशेषतः दुबळ्यावर, लादता येत नाही. आणि ज्याला दुसरे काही करताच येत नाही, त्याने गाल पुढे केला की तो ठेवून घेतला, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात चौकशीच्या वेळी शिपायाने चपराक मारली, तेव्हा प्रभू मूक राहिला नाही. मारण्याचे कारण त्याने विचारले. ताठ उभे राहून कारण विचारण्यासाठीही आधी ताठ उभे राहता यावे लागते. शिवाय ही विद्या आपल्या परंपरेला परकी नाही. सोळाव्या शतकात केरळातील सेंट थॉमस ख्रिस्ती तरुण पणिक्करांच्या कळरीत शिकत असत. रामवाडीच्या पेपल सेमिनरीत माझ्याबरोबर शिकणारा एक केरळी मित्र पहाटे मैदानाच्या कोपऱ्यात पाय डोक्यापर्यंत उचलण्याच्या कसरती करी. तो त्याच्या आजोबांच्या कळरीतून आलेला होता. तेव्हा मला ती नुसती लवचिकता वाटली. आता तिच्यात उभ्या पायाची किती तपश्चर्या होती, ते समजते.

दुसरी शंका व्यवहाराची आहे, आणि ती मी स्वतःच सेन्सेईंना विचारली होती. रस्त्यावर कोणी अंगावर आले तर ही लाथ उपयोगी पडेल काय? त्यांनी स्पष्ट सांगितले, “नाही, फादर. रस्त्यावर आधी ओरडायचं, मग पळायचं. पळता आलं नाही तर गुडघ्याखाली एक साधी लाथ, आणि पुन्हा पळायचं. साडीत, चपलेत, ओल्या रस्त्यावर ही गिरकी मारायला जाल तर आपणच पडाल.” मग वर्षभर हाडे झिजवून ही का शिकायची, असे मी मावशींना विचारले. त्या पट्टा घडी करून पिशवीत ठेवीत होत्या. “उपयोगाची कामं दिवसभर करतेच की, फादर,” त्या म्हणाल्या. “ही एक माझी असू द्या.”

हे उत्तर माझ्याकडील अनेक उत्तरांपेक्षा बरे आहे. सगळेच शिक्षण संकटाच्या दिवसासाठी साठवलेले धान्य नसते. अण्णा कर्व्यांच्या झोपडीत अक्षरे गिरवणाऱ्या विधवांनाही कोणीतरी विचारले असेल, की आता शिकून काय करणार? त्यांच्या उपयोगाची यादी देता आली असती. पण पाटीवर स्वतःचे नाव पहिल्यांदा उमटले, त्या क्षणाचा उपयोग कोणत्या यादीत घालणार?

माझ्या स्वतःच्या प्रगतीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. माझी लाथ कमरेपर्यंत पोहोचते, आणि त्यापलीकडे जाईल असे सेन्सेईंना वाटत नाही. डॉक्टरांकडे मात्र अलीकडे मी एका पायावर चाळीस सेकंद उभा राहिलो. त्यांनी घड्याळ खिशात ठेवले आणि दुसऱ्या पायावर उभे राहावयास सांगितले. तो पाय अजून पंधरावरच आहे. उजव्या बाजूने फिरणे जमले, तर डाव्या बाजूने सारे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. शरीराला एका बाजूचे शहाणपण दुसऱ्या बाजूला आपोआप देता येत नाही, हे या विद्येतले एक नम्र करणारे सत्य आहे.

मावशींनी मध्यंतरी एक गोष्ट सांगितली. रात्री वर्ग सुटल्यावर त्या आणि मुलगी चालत घरी जातात. वाटेत एक अंधारा पट्टा आहे. पूर्वी त्या पट्ट्यात दर आठ-दहा पावलांनी त्या मागे बघत आणि त्यामुळे समोरचे खड्डे चुकत. “आता एकदाच बघते,” त्या म्हणाल्या. “पण नीट बघते. कोण हाय, किती हायेत, समदं मोजून घेते. मग पुढं बघून चालते.”

येत्या महिन्यात त्यांची काळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. त्यात ही लाथ दोन्ही बाजूंनी दाखवावी लागते. डाव्या बाजूचा सराव सध्या चालू आहे, आणि बोटे धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडेच आहे.